तळव्याखालचा एरंड

भोसरीत मोल्डिंगच्या मशीनवर माझी उभी हयात गेली. प्लास्टिकचे दाणे खनिज तेलातून येतात, एवढंच तिथे सगळ्यांना ठाऊक. एरंडेलापासून केलेल्या लवचीक दाण्यांची गोणी पहिल्यांदा आली तेव्हा साहेबांसकट सगळे हसले. पोट साफ करायचं औषध साच्यात घालायचं?

एरंडेलात ९० टक्क्यांच्या आसपास रिसिनोलिक आम्ल असतं. त्याच्या १८ कार्बनांच्या साखळीची रचना अशी, की तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ते ५०० अंशांच्या आसपास तापवलं की ती ठरल्या जागीच तुटते. ७ कार्बनांचा तुकडा अत्तरांच्या धंद्यात जातो, ११ कार्बनांच्या तुकड्यापासून नायलॉन-११ बनतं. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलाला हे जमत नाही. फ्रान्समध्ये १९४०च्या दशकातच ही विद्या साधली होती, पर्यावरणाच्या जाहिराती निघायच्या कितीतरी आधी.

नुसतं नायलॉन ताठ. त्याच्या साखळीत पॉलिइथरचे मऊ तुकडे गुंफले की ते ताणलं जातं. कडक तुकडे गाठींसारखे धरून ठेवतात आणि सोडल्यावर माल मूळ आकारात येतो. रबरातल्या गंधकाच्या गाठी कायमच्या. या गाठी मात्र उष्णतेने सुटतात, म्हणून वाया गेलेले तुकडे दळून पुन्हा वापरता येतात. फक्त दाणे ओलावा भारी ओढतात. वाळवायचा आळस केला की मालावर चट्टे आणि बुडबुडे आलेच.

विक्रेत्याला मी आधी विचारायचो, दाण्यात झाडाचे टक्के किती? कडक भाग एरंडाचा असला तरी मऊ भाग बहुधा खनिज तेलाचाच असतो. म्हणजे दाणा जितका मऊ, तितका झाडाचा वाटा कमी. आणि झाडातून आलं म्हणून ते मातीत कुजेल, हा निव्वळ गैरसमज. नायलॉन-११ इतकं टिकाऊ, की ट्रकच्या एअरब्रेकच्या नळ्या त्याच्या करतात. किंमतही चढी, त्यामुळे हा लवचीक माल स्कीच्या बुटांसारख्या महागड्या वस्तूंतच जास्त दिसतो. आपल्या पावसाळी चपला पीव्हीसीच्याच.

दुसरा प्रश्न, एरंड कुणाच्या शेतातला? जगातला बहुतेक एरंड भारतात पिकतो, त्यातही गुजरातेतल्या मेहसाणा, बनासकांठा, पाटण, कच्छ या पट्ट्यात. कमी पाण्यावर येतो, ही जमेची बाजू. पण बियांत रिसिन हे जहाल विष असतं. तेल काढल्यावर ते पेंडीत उरतं, म्हणून ती गुरांपुढे न टाकता खत म्हणून वापरतात. आर्केमा, बीएएसएफ, जयंत अ‍ॅग्रो या कंपन्या आणि सॉलिडरिडाड ही संस्था यांनी २०१६मध्ये गुजरातेत ‘प्रगती’ प्रकल्प सुरू केला. त्यात एरंड उत्पादकांना लागवड, पाण्याचा वापर आणि फवारणी करताना घ्यायची काळजी शिकवतात.