गीझर १०० टक्के कार्यक्षम? जरा हिशेब करू!

गीझरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यातच उतरते. उष्मागतिकीचा पहिला नियम, म्हणजे ऊर्जा अक्षय्यतेचा नियम, इथे पैकीच्या पैकी गुण देतो. दुसरा नियम मात्र खडूस परीक्षक आहे: तो एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जा किती विखुरली याचं माप, तपासतो.

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६१ युनिट वीज लागते. त्यात पाण्याची एन्ट्रॉपी दर केल्विनला सुमारे ७ किलोज्यूल इतकी वाढते. विजेबरोबर एन्ट्रॉपी येत नाही, म्हणजे ही सगळी गीझरमध्येच नव्याने तयार झाली. आता गुई-स्टोडोला सूत्र लावा: परिसराचं निरपेक्ष तापमान गुणिले तयार झालेली एन्ट्रॉपी म्हणजे वाया गेलेलं कार्य. २९८ गुणिले ७, म्हणजे जवळपास ०.५८ युनिट! जराही एन्ट्रॉपी निर्माण न करणाऱ्या आदर्श यंत्राने हेच पाणी ०.०३ युनिटमध्ये तापवलं असतं. (असं यंत्र कुणालाच बनवता येणार नाही, पण मोजपट्टी तीच.)

मग ऊर्जा गेली कुठे? कुठेच नाही, पाण्यातच आहे. गेली ती तिची काम करण्याची ऐपत. विजेवर लोकल धावते. गरम पाण्याच्या बादलीवर काय धावणार?

त्या आदर्श यंत्राच्या थोडं जवळ जातो तो हीट पंप: तो बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात टाकतो, आणि एका युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता देतो. महाग आहे, जागाही खातो. तरी हॉटेलं आणि वसतिगृहांनी साधे गीझर लावणं ही माझ्या मते उधळपट्टीच. गच्ची मोकळी असेल तर आधी सोलरचा विचार करा.