चिठ्ठी एक, माल दुसरा
लिलावात घेतलेल्या खेळाडूंच्या वस्तू आणि खरेदीदाराने घ्यावयाची काळजी

२ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला. त्या सामन्यात धोनी यांनी ज्या बॅटने अखेरचा षटकार मारला, ती बॅट त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या एका धर्मादाय लिलावात एक लाख पौंडांना विकली गेली. तशी बॅट दुकानात काही हजारांत मिळते. लाकूड तेच, मूठ तीच. एवढी किंमत मग कशाची? "हीच ती बॅट" या एका वाक्याची. ते वाक्य चुकीचे निघाले, तर गिऱ्हाइकाच्या हाती फक्त लाकूड राहते.

आम्ही भिवंडीचे कापडवाले. खेळाडूंच्या वस्तूंच्या बाजाराशी आमचा संबंध नव्हता. तो आला भाच्यामुळे. तो इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला राहतो. तिथल्या एका लिलावात त्याने एका फुटबॉल खेळाडूचा शर्ट ६४० पौंडांना घेतला. वर लिलावगृहाचे कमिशन वेगळे. यादीत लिहिले होते, "सामन्यात घातलेला." मुंबईतील एका शौकिनाला तो द्यायचा म्हणून सुट्टीत येताना त्याने शर्ट सोबत आणला आणि कौतुकाने आमच्यापुढे ठेवला.

आम्ही सवयीने शर्ट उलटा करून पाहिला. काखेतली शिवण कोरी होती. पाठीवरच्या आकड्याच्या छपाईला कुठे तडा नव्हता. कापड कुठे ओढले गेल्याची खूण नव्हती. नव्वद मिनिटे धावलेल्या, घसरलेल्या माणसाच्या अंगावरचे कापड असे राहत नाही. आम्ही म्हटले, "बेटा, माल चांगला आहे, पण चिठ्ठी दुसऱ्या मालाची दिसते."

तीन प्रकारचा माल

या बाजारात एकसारखे दिसणारे तीन प्रकार असतात. पहिला, खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात वापरलेला. दुसरा, संघाने त्या सामन्यासाठी तयार केलेला, पण अंगावर न चढलेला. मोठ्या संघांत एका खेळाडूसाठी एकाहून जास्त शर्ट तयार ठेवतात आणि मध्यंतरात शर्ट बदलणेही नेहमीचे आहे, म्हणून असा माल बराच उरतो. तिसरा, दुकानात कोणालाही मिळणारा. दुसऱ्या प्रकारावर पहिल्याची चिठ्ठी लागणे ही सर्वांत नेहमीची चूक. यात दरवेळी लबाडीच असते असे नाही. गाठी हलवताना चिठ्ठ्यांची अदलाबदल होते, हे आपल्या बाजारातही आपण पाहतो. पण किमतीतला फरक मात्र मोठा असतो.

मॅराडोनाचा शर्ट

या बाबतीतला प्रसिद्ध वाद मॅराडोनाच्या शर्टाचा आहे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत अर्जेंटिनाने इंग्लंडला २-१ असे हरवले. दोन्ही गोल मॅराडोनाने दुसऱ्या सत्रात केले, त्यातला पहिला हाताने. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉज याने त्याच्याशी शर्ट बदलून घेतला आणि तो पुढे अनेक वर्षे मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात होता. २०२२ साली सोदबीज या लिलावगृहाने तो विक्रीला काढला, तेव्हा मॅराडोनाच्या मुलीने जाहीरपणे सांगितले की हा पहिल्या सत्रातला शर्ट आहे, गोल झाले तेव्हाचा नव्हे.

शर्ट मॅराडोनाचा, हे दोन्ही बाजूंना मान्य. वाद फक्त पहिल्या की दुसऱ्या पंचेचाळीस मिनिटांचा. तरीही सारी किंमत त्यावर टांगलेली होती. निकाल कापडाने दिला. हे शर्ट सामन्याच्या तोंडावर मेक्सिको सिटीतच विकत घेतलेले होते, आणि संघाचे चिन्ह व चकाकते आकडे त्यांवर घाईने लावलेले होते. हाताच्या कामात दोन नग अगदी सारखे कधी येत नाहीत, हे कारागीर बंधूंना सांगायला नको. चिन्ह, पट्टे आणि आकडे यांची जागा सामन्याच्या छायाचित्रांशी ताडून पाहिली गेली आणि हा गोलांच्या वेळचाच शर्ट असल्याचे सांगण्यात आले. मे २०२२ मध्ये तो ७१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

या पद्धतीला फोटो-मॅचिंग म्हणतात. शिवण, पट्ट्यांची जुळणी, फाटकी जागा, रफू, डाग यांवरून हाच तो नग हे ठरवायचे. याचे जाणकार पैसे घेऊन लेखी मत देतात.

कागदाची किंमत

अमेरिकेत बेसबॉलच्या प्रमुख संघटनेने २००१ पासून वेगळी व्यवस्था केली आहे. सामन्याच्या वेळी मैदानावर साक्षीदार असतो, बहुधा पोलिसात काम केलेला. वस्तू त्याच्या डोळ्यांदेखत वापरली गेली, तरच तो तिच्यावर क्रमांक असलेली चकाकती चिठ्ठी लावतो. तो क्रमांक खरेदीदाराला स्वतः तपासता येतो.

नुसते प्रमाणपत्र ही मात्र वेगळी गोष्ट आहे. इलाय मॅनिंग या अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या हेल्मेटवरून २०१४ साली काही संग्राहकांनी त्याच्यावर व त्याच्या संघावर दावा लावला. न वापरलेली हेल्मेट वापरलेली म्हणून दिली, असा आरोप होता. खेळाडूने व संघाने तो नाकारला आणि मे २०१८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. खरे-खोटे कोर्टात ठरलेच नाही. धडा एवढाच, की थेट संघाकडून आलेल्या मालावरही वाद उभा राहू शकतो. ज्याने पाहिले त्याची साक्ष वेगळी, ज्याने ऐकले त्याचा कागद वेगळा.

चूक निघाली तर काय करावे

पहिले, माल जसा आला तसा ठेवावा. धुऊ नये, चिठ्ठी काढू नये, खोका टाकू नये.

दुसरे, लिलावाची यादी, पावती आणि विक्रीच्या अटी एकत्र कराव्यात. मालाचे वर्णन यादीत नेमक्या कोणत्या शब्दांत आहे, ते पाहावे. "वापरलेला" आणि "वापरलेला असल्याचे सांगितले जाते" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरे, तक्रारीची मुदत पाहावी. ती प्रत्येक लिलावगृहाची वेगळी असते, आणि हक्क बहुधा मूळ खरेदीदारालाच असतो. माल पुढे विकला की तो संपतो.

चौथे, पत्र लेखी द्यावे. फसवणुकीचा आरोप करू नये. वर्णन हे, माल हा, पुरावा हा, पैसे परत करावेत, एवढेच लिहावे. आरोपाला वकील उत्तर देतो, पुराव्याला मालक.

भारतात १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १५ सांगते की वर्णनावर विकलेला माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे. इंग्लंडचा कायदाही तेच तत्त्व मानतो. पण छापील अटींनी हे संरक्षण कमी होऊ शकते, आणि वाजवी वेळेत नकार न कळवल्यास माल स्वीकारला असे धरले जाते. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक ठरत नाही, हेही व्यापारी बंधूंनी लक्षात ठेवावे.

भाच्याचे काय झाले

भाच्याकडे मुदतीचे नऊ दिवस होते. तो म्हणाला, "मामू, यादी तर आहे माझ्याकडे. मुंबईवाल्याला देऊन टाकतो. त्याला काय कळणार?"

आम्ही म्हटले, "काल तुलाही कळत नव्हते. लिलाववाल्याने न कळता विकला असेल. तू आता कळून विकशील."

तो रात्रभर गप्प होता. सकाळी त्याने सामन्याची छायाचित्रे जमवली. दोन्ही सत्रांतले शर्ट तपासले. आपल्या शर्टावरचा आकडा पट्ट्याच्या दोन बोटे खाली, छायाचित्रांतल्या दोन्ही शर्टांवर तो पट्ट्याला भिडलेला. पत्र गेले. सहा आठवड्यांनी बोलीची रक्कम आणि कमिशन परत आले. टपालखर्च अंगावर पडला.

मुंबईच्या त्या गिऱ्हाइकाला त्याने फोन करून खरे कारण सांगितले. तो म्हणाला, "पुढच्या वेळी काही मिळाले तर आधी मला सांगा." टपालखर्चाच्या मोबदल्यात एक कायमचे गिऱ्हाईक मिळाले. हा सौदा आम्हाला महाग वाटला नाही.