चमचाभरही नाहीत, पण अंगभर आहेत
मे महिन्यात भर दुपारी मानसरोवर स्टेशनातून बाहेर पडून कामोठ्यातल्या घराकडे चालत निघालेल्या माणसाच्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी किती असतील? दर चौरस मिलिमीटरला हजाराच्या आसपास, म्हणजे अंगभर मिळून दीड-दोन अब्ज. आणि त्या सगळ्या गोळा केल्या तर चहाचा चमचाही भरत नाही!

गोऱ्या युरोपीय माणसात आणि आपल्यात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कसलं मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात यात. एकेक रंगपेशी आपल्या लांब टोकांनी भोवतीच्या सुमारे 36 पेशींना रंगाचे कण वाटते. ते कण पेशीकेंद्राच्या वर, उन्हाच्या बाजूला दाटीने बसतात. 1979मधल्या एका मोजणीत उन्हातले यूव्हीबी किरण गोऱ्या त्वचेच्या वरच्या थरातून 24 टक्के आरपार गेले, काळ्या त्वचेतून फक्त 7.4 टक्के. कडक उन्हात एका पेशीच्या डीएनएला दिवसभरात लाखभर इजा होऊ शकतात, हे कळलं की या तिपटीचं मोल कळतं.

हे काम फुकट होत नाही. टायरोसिनपासून मेलॅनिन बनताना ऑक्सिजन खर्ची पडतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी घातक रसायनं तयार होतात, म्हणून सगळा उद्योग पेशीतल्या बंद कणांमध्ये चालतो. रंगनिर्मितीची सूत्रं एमआयटीएफ या प्रथिनाकडे असतात. तेच प्रथिन पीजीसी-1 अल्फा या दुसऱ्या प्रथिनाला हाताशी धरून पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांनाही कामाला लावतं. काही मेलॅनोमांमध्ये, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगांमध्ये, हीच जोडी कर्करोगाच्या पेशींना ऊर्जा पुरवते, हे 2013मध्ये दिसून आलं. राखणदाराचीच यंत्रणा रोगाच्या कामी यावी, याने मी फार अस्वस्थ होतो.

ऑस्ट्रेलियात वर्षाला लाखामागे तिसाहून जास्त लोकांना मेलॅनोमा होतो, भारतात लाखामागे एकालाही नाही. पण म्हणून निर्धास्त राहता येत नाही. कामोठ्याशेजारी खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, ज्यांच्या नावाची शोधिका आहे त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी 1945मध्येच धोतराच्या कर्करोगाचं वर्णन केलं होतं. करकचून नेसलेलं धोतर वर्षानुवर्षं कमरेला घासून होणारा हा त्वचेचा कर्करोग, आणि तोही ऊन पोचत नाही अशा जागी. मेलॅनिन किरण अडवतं, घर्षण नाही.

आपल्याकडच्या मेलॅनोमाचा मोठा वाटाही तळपायांवर आणि नखांखाली सापडतो. तळव्यावरचा पसरत जाणारा काळा डाग, नखातला रुंदावणारा काळा पट्टा ‘ठेच लागली असेल’ म्हणून महिनोन्महिने तसाच राहतो. तो लगेच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा, कारण इथे निकाल मिलिमीटरवर लागतो: एक मिलिमीटरपेक्षा कमी खोल असताना काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात, चार मिलिमीटरच्या पुढे गेला की ती शक्यता झपाट्याने घटते.