रहस्यपटांची रचना : मृत्युपत्र, वारस आणि खुनी

वारसाहक्काच्या जुन्या वळणाच्या रहस्यपटाची घडण साधी असते. धनवान म्हातारा मरतो, किंवा मरायला टेकलेला असतो. एका मोठ्या घरात त्याचे पाचसात नातलग जमतात, वकील मृत्युपत्र वाचून दाखवतो आणि त्याच रात्री घरात काहीतरी विपरीत घडते. जॉन विलार्ड यांच्या १९२२ च्या नाटकावरून पॉल लेनी यांनी १९२७ मध्ये काढलेला ‘द कॅट अँड द कॅनरी’ हा मूकपट याचा ठळक नमुना. सायरस वेस्टच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, मध्यरात्री, त्याचे मृत्युपत्र उघडले जाते. इस्टेट ॲनाबेल या तरुण नातलगाच्या नावे असते, मात्र ती शहाणी असल्याचे डॉक्टरने सांगितले पाहिजे. ती वेडी ठरली तर इस्टेट दुसऱ्या कुणाला, आणि ते नाव वेगळ्या पाकिटात बंद आहे. साहजिकच तिला वेड लागावे म्हणून कुणीतरी कामाला लागतो.

एरवी रहस्यकथेत खुनाचे कारण शोधण्यातच निम्मी गोष्ट खर्च होते. इथे कारण आधीच स्टँपपेपरवर लिहिलेले असते आणि ते घरातल्या प्रत्येकाला सारखेच लागू पडते. प्रेक्षकाच्या हाती उरतो तो हिशेब : हा गेला तर कुणाचा वाटा वाढतो? या हिशेबासाठी पोलिसी ज्ञान लागत नाही. भावकीत वाढलेल्या कुणालाही तो येतो, आणि या चित्रपटांची गोडी बरीचशी तिथेच आहे. हिशेब उघडा करून दाखवला तर रहस्य संपते. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) मध्ये नायक सरदारकीच्या आड येणारे नातलग एकेक करून संपवतो, ते सगळे नातलग ॲलेक गिनेस या एकाच नटाने रंगवले आहेत, आणि चित्रपट सरळ विनोदी होतो.

खुन्याने लपून का राहायचे, याचे उत्तर मात्र कायद्यात आहे. कायदाच नसेल तर काय होते हे अहमदनगरच्या निजामशाहीत दिसते. १५८८ मध्ये ‘दिवाणा’ म्हणून ओळखला जाणारा मुर्तजा निजामशहा याला त्याचा मुलगा मीरान हुसेन याने तापवलेल्या हमामखान्यात कोंडून मारले. त्या सुमारास नगरच्या चाकरीत असलेल्या फिरिश्त्याने पुढे विजापुरात बसून हा इतिहास लिहिला. त्यात शोधण्यासारखे काही नाही. ज्याने मारले तोच गादीवर बसला, आणि वर्ष पुरे होण्याआधी त्यालाही मारण्यात आले. राजाच्या वारसाला गादी नाकारणारे न्यायालय नव्हते, तेव्हा लपवाछपवीची गरजच नव्हती.

रहस्यपटाला अधिक जवळची घटना १५९५ ची आहे. इब्राहिम निजामशहा लढाईत पडला आणि नगरात एकाच वेळी चार दावेदार उभे राहिले. मियाँ मंजूने अहमद नावाच्या मुलाला राजवंशाचा म्हणून गादीवर बसवले, पण तो त्या वंशाचा नाहीच अशी शंका लवकरच उठली. चाँदबिबी इब्राहिमच्या तान्ह्या मुलाच्या, बहादूरच्या, बाजूने होती. इखलासखानाने मोतीला पुढे केले, तर अभंगखानाने वयोवृद्ध शाह अलीला. मियाँ मंजूने मदतीला मोगल शाहजादा मुराद याला बोलावले आणि भुईकोट किल्ल्याला वेढा पडला. तोतया वारस, बंद किल्ला, आतल्या आत संशय : पटकथेला लागणारे सामान सगळे आहे. नाही तो फक्त निवाडा करणारा.

तो निवाडा आधुनिक कायद्याने आणला. मुंबई उच्च न्यायालयाकडून गेलेल्या केंचव्वा विरुद्ध गिरिमल्लाप्पा या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्ये ठरवले की खुन्याला आपल्या बळीचा वारसा मिळणार नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २५ मध्ये हेच तत्त्व आले, आणि खुनाला साहाय्य करणाराही त्यात धरला गेला. कलम २७ त्याहून विलक्षण आहे : अपात्र वारस मृताच्या आधीच मेला होता, असे समजून वाटणी करायची. खुनी ओळखला गेला की कागदोपत्री तो मेलेलाच. शेवटच्या प्रसंगात गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून नाव उच्चारतो, त्या क्षणाचे वजन फाशीपेक्षा या तरतुदीत जास्त आहे. ‘नाइव्ह्ज आउट’ (२०१९) या अलीकडच्या अमेरिकी चित्रपटात तर हा नियम कथानकाचाच भाग आहे.

वारस नसलेल्या खुन्याची अडचण उलटी असते. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात ती दिसते. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्यातील एका श्रीमंत विधवेला तिच्या डॉक्टरने रात्रीच्या गाडीने मुंबईला नेले, इस्पितळात खोट्या नावाने दाखल केले आणि ती त्याच दिवशी मरण पावली. शवात विष सापडले नाही. पुढे तिच्या नावाने पत्रे येत राहिली की तिने लग्न केले असून ती दूर राहते. वारसाला मृत्यूची नोंद हवी असते. परक्याला पैसा काढायचा तर मेलेले माणूस जिवंत ठेवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये परिस्थितिजन्य पुराव्यावर, दोन विरुद्ध एक मताने, फाशी कायम केली.

मृत्युपत्र वाचनाचा प्रसंग मराठी पडद्यावर मात्र फारसा रुजला नाही. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात मुलाचा वाटा जन्मानेच ठरे, आणि वडिलोपार्जित मिळकतीतला आपला अविभक्त हिस्साही बापाला मृत्युपत्राने देता येत नसे. ती मुभा १९५६ च्या कायद्याने दिली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींनाही जन्मसिद्ध वाटा दिला. नगर जिल्ह्यातल्या गावात वडील वारले की तलाठ्याकडे वारसनोंद होते, फेरफार पडतो, सातबाऱ्यावर नावे चढतात, बहिणींकडून हक्कसोडपत्र मागितले जाते, आणि कारखान्याचा शेअर कुणाच्या नावे करायचा यावर वेगळी बैठक बसते. यात एका सहीने सगळे फिरवणारा म्हातारा बसत नाही. तंटा खुनापर्यंत गेलाच तर बांधावर, दिवसाढवळ्या, आणि मारणारा गावाला ठाऊक असतो.

म्हणून आपल्याकडे रहस्य वाट्यापेक्षा ओळखीवर उभे राहिले. राज खोसला यांच्या ‘वह कौन थी?’ (१९६४) मध्ये ‘कॅट अँड कॅनरी’चीच अट आहे : नायक मनाने ढळला तर इस्टेट पुढच्या नातलगाला. पण त्याला घाबरवण्यासाठी एकसारख्या दिसणाऱ्या दोन स्त्रिया लागतात. त्याच वर्षीच्या राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये इस्टेट बाजूलाच राहते, मेलेली पत्नी मीच, असे सांगणारी आरोपी वकील नवऱ्यासमोर उभी राहते. खोसलांनी १९६६ मध्ये त्यावरून ‘मेरा साया’ काढला. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यात पूर्वसूचना दिल्याशिवाय जुळी भावंडे आणू नयेत असा एक होता. आपल्या पटकथाकारांनी तो सर्रास मोडला, आणि प्रेक्षकांनी तक्रार केली नाही.

वाटणीचा खरा तंटा मराठीत रंगभूमीने उचलला. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) वडिलांच्या मृत्यूनंतर भाऊ जमतात, वाडा आणि दागिने यांवर सगळ्यांचा डोळा असतो, आणि दागिने नाहीसेही होतात. ते कुणी नेले हे घरात लगेच कळते. गुप्तहेर बोलवावा लागत नाही.