शब्बाथ, १८४४ आणि पवित्र शास्त्र : अ‍ॅडव्हेंटिस्ट शिकवणुकीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेंगळुरूमध्ये ख्रिस्ती धर्माचे बहुतेक प्रमुख प्रवाह एकाच शहरात नांदतात. शिवाजीनगरातील सेंट मेरीज बॅसिलिका रोमन कॅथलिकांचे श्रद्धास्थान आहे, १९१० साली स्थापन झालेले युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठी धर्मसेवक घडवते आणि भारतीय भाषांत बायबल प्रकाशित करणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालयही याच शहरात आहे. या बहुविध ख्रिस्ती जीवनात संख्येने लहान, पण शिक्षण व आरोग्यसेवेमुळे परिचित असलेला एक पंथ म्हणजे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट. हा पंथ आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे शनिवार, शब्बाथ (पवित्र विश्रांतिदिवस) म्हणून पाळतो आणि ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनाची वाट पाहतो. या पंथाचे पुस्तकविक्रेते-प्रचारक १८९३ साली मद्रासला उतरले, त्याचे दक्षिण आशियाचे मुख्यालय आज बेंगळुरूजवळच्या होसूर येथे आहे आणि पुण्यातील ज्या स्पायसर संस्थेमुळे मराठी वाचकाला हा पंथ ठाऊक असतो, ती १९१५ साली कोइम्बतूरला सुरू होऊन १९१७ ते १९४२ या काळात बेंगळुरूमध्येच होती.

या पंथाची शिकवण बायबलशी जुळते की नाही, हा प्रश्न इतर मंडळ्यांत वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, कारण शिकवण पारखून घ्यावी असे बायबलच सांगते : थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:२१) सर्व गोष्टींची पारख करण्याची आज्ञा आहे आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (१७:११) प्रत्यक्ष पौलाचा उपदेश शास्त्राशी रोज ताडून पाहणाऱ्या बिरुया गावच्या लोकांची प्रशंसा आहे. मात्र ही पारख पुष्कळदा ऐकीव माहितीवर आणि निवडक वचनांवर होते, त्यामुळे पंथावर अन्याय होतो आणि शास्त्राचाही मान राखला जात नाही. म्हणून प्रचलित गैरसमज एकेक घेऊन तपासणे आवश्यक ठरते.

गैरसमज १ : एक स्पष्ट वचन दाखवले की शिकवण खरी किंवा खोटी ठरते.

वस्तुस्थिती : बायबल हा एका बैठकीत लिहिलेला ग्रंथ नसून अनेक शतकांत, निरनिराळ्या लेखकांनी, इतिहास, काव्य, नियमशास्त्र, भविष्यवाणी आणि पत्रे अशा भिन्न प्रकारांत केलेल्या लेखनाचा संग्रह आहे. त्यामुळे संदर्भ सोडून उचललेले वचन, ते कितीही सोपे वाटले तरी, एकट्याने निर्णय देऊ शकत नाही. मृत्यूनंतरच्या अवस्थेविषयीचा वाद याचे उत्तम उदाहरण आहे. मृत्यू म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंतची जाणीवरहित निद्रा होय, असे अ‍ॅडव्हेंटिस्ट शिकवतात आणि त्यासाठी उपदेशकाच्या पुस्तकातील (९:५) मृतांना काहीच कळत नसल्याचे विधान तसेच लाजराच्या मरणाला येशूने झोप म्हटल्याचा योहानातील (११:११-१४) प्रसंग पुढे करतात. विरोधक लूककृत शुभवर्तमानातील (१६:१९-३१) श्रीमंत मनुष्य व दरिद्री लाजर यांचा दृष्टांत आणि देह सोडून ख्रिस्ताजवळ असण्याची पौलाची इच्छा (फिलिप्पैकरांस १:२३) दाखवतात. दोन्ही बाजूंकडे वचने आहेत, म्हणून खरी परीक्षा वचनांच्या संख्येवर होत नाही. उपदेशकाचे निरीक्षण सिद्धांत म्हणून वाचावे का, दृष्टांतातील वर्णन परलोकाचा नकाशा मानावे का, अशा प्रश्नांना, म्हणजेच अर्थनिर्णयाच्या नियमांना, दोन्ही पक्षांनी सारखेच बांधून घेतले आहे का, यावर ती ठरते.

गैरसमज २ : अ‍ॅडव्हेंटिस्ट त्रैक्य मानत नाहीत, म्हणून ते ख्रिस्तीच नव्हेत.

वस्तुस्थिती : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव आहेत, या सिद्धांताला त्रैक्य म्हणतात. तो नाकारणारा पंथ यहोवाचे साक्षीदार हा असून दोन्ही पंथांचा उगम एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत झाल्यामुळे त्यांची गल्लत होते. अ‍ॅडव्हेंटिस्ट चळवळीच्या पहिल्या पिढीतील जोसेफ बेट्स, जेम्स व्हाइट यांसारखे काही अग्रणी त्रैक्याचे विरोधक होते, ही गोष्ट खरी आहे. तथापि १९३१ च्या विश्वासनिवेदनात त्रैक्याचा स्वीकार आढळतो आणि १९८० साली जागतिक अधिवेशनाने संमत केलेल्या २७ मूलभूत विश्वासांत, ज्यांत २००५ साली आणखी एकाची भर पडली, त्रैक्य स्पष्ट शब्दांत नोंदवले आहे. प्रॉटेस्टंटांप्रमाणेच हा पंथ ६६ पुस्तकांचे बायबल मानतो (कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत), येशूचे देवत्व व पुनरुत्थान मानतो आणि तारण कृपेने विश्वासाद्वारे मिळते असे शिकवतो. १९५५-५६ मध्ये डोनाल्ड बार्नहाउस आणि वॉल्टर मार्टिन या अमेरिकन इव्हँजेलिकल अभ्यासकांनी पंथाच्या नेत्यांशी प्रदीर्घ चर्चा केली आणि अनेक मुद्द्यांवर तीव्र मतभेद ठेवूनही हा पंथ ख्रिस्तीच आहे, असा निष्कर्ष काढला.

गैरसमज ३ : शब्बाथ शनिवारवरून रविवारवर सम्राट कॉन्स्टंटाइनने नेला.

वस्तुस्थिती : हा समज अ‍ॅडव्हेंटिस्ट प्रचारसाहित्याचे सुलभ सार ऐकणाऱ्यांत विशेष आढळतो. कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये रविवारी विश्रांती घेण्याचा हुकूम काढला, शहरवासीयांना तो लागू केला आणि शेतकऱ्यांना त्यातून सूट दिली, हे ऐतिहासिक सत्य आहे. परंतु ख्रिस्ती लोक रविवारी एकत्र जमून शास्त्रवाचन व प्रभुभोजन करीत असल्याचे वर्णन जस्टिन मार्टर या लेखकाने दुसऱ्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे त्या हुकमाच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, करून ठेवले आहे. सॅम्युएल बाक्कियोक्की या अ‍ॅडव्हेंटिस्ट संशोधकाने रोमच्या कॅथलिक विद्यापीठात अध्ययन करून १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही रविवारच्या उपासनेचा उगम कॉन्स्टंटाइनच्या काळात न दाखवता दुसऱ्या शतकातील रोममध्ये दाखवला आहे. कॉन्स्टंटाइनच्या पदरी हा बदल घालणे त्यामुळे पंथाच्या स्वतःच्या विद्वत्तेशीही विसंगत ठरते.

गैरसमज ४ : शनिवारच्या शब्बाथाला बायबलात आधारच नाही.

वस्तुस्थिती : आधार भरपूर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात (२:२-३) देव सातव्या दिवसाला आशीर्वाद देतो, निर्गमातील (२०:८-११) दहा आज्ञांपैकी एक शब्बाथाची आहे आणि येशू आपल्या रीतीप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेल्याचे लूक (४:१६) नोंदवतो. याच आधारावर हा पंथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतो. नव्या करारात आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, भाकर मोडल्याचा (प्रेषितांची कृत्ये २०:७) आणि त्या दिवशी वर्गणी बाजूला ठेवण्याचा (१ करिंथकरांस १६:२) उल्लेख असला, तरी शब्बाथ रविवारवर हलवावा अशी आज्ञा कोठेही नाही. रविवार पाळणाऱ्या मंडळ्यांनी हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, कारण त्यांची प्रथा पुनरुत्थानाच्या स्मरणावर आणि प्राचीन मंडळीच्या परंपरेवर उभी आहे.

प्रश्न पुढच्या पायरीवर उपस्थित होतो : जी आज्ञा इस्राएलाला दिली गेली, ती सर्व ख्रिस्ती लोकांवर बंधनकारक आहे काय? पौल रोमकरांस लिहिताना (१४:५) दिवस मानण्या-न मानण्याचा निर्णय प्रत्येकाच्या मनावर सोडतो आणि कलस्सैकरांस पत्रात (२:१६) सण, चंद्रदर्शन व शब्बाथ यांवरून कोणी कोणाला दोषी ठरवू नये असे बजावतो. यातील शब्बाथ म्हणजे लेवीयाच्या पुस्तकात सांगितलेले वार्षिक सणांचे विश्रांतिदिवस होत, असे अनेक अ‍ॅडव्हेंटिस्ट भाष्यकार म्हणतात; परंतु सण, चंद्रदर्शन आणि शब्बाथ ही त्रयी जुन्या करारात ज्या ठिकाणी येते, उदाहरणार्थ १ इतिहास २३:३१ किंवा होशेय २:११, तेथे साप्ताहिक शब्बाथ तीतून वगळण्यास सबळ कारण दिसत नाही. म्हणून शनिवार पाळणाऱ्याला शास्त्राचा आधार आहे, पण तो न पाळणाऱ्याला आज्ञाभंग करणारा ठरवण्याइतका हा आधार पुरेसा नाही, असा निष्कर्ष काढणे न्याय्य होय.

गैरसमज ५ : अ‍ॅडव्हेंटिस्टांचा शाकाहार बायबलबाह्य आहे किंवा तारणाची अट आहे.

वस्तुस्थिती : शाकाहाराची शिफारस आरोग्यासाठी आणि उत्पत्ती १:२९ मधील मूळ आहाराच्या आधारे केली जाते, तो सभासदत्वाची अट नाही. डुकराचे मांस व इतर अशुद्ध गणलेले प्राणी मात्र लेवीय ११ नुसार वर्ज्य मानले जातात. शुद्ध-अशुद्ध हा भेद मोशेच्या आधी नोहाच्या कथेतही (उत्पत्ती ७:२) येतो, हा पंथाचा युक्तिवाद लक्षणीय आहे. तथापि सर्व अन्न शुद्ध ठरवणाऱ्या मार्क ७:१९ च्या प्रचलित वाचनाला तो पुरेसे उत्तर देत नाही.

गैरसमज ६ : एलन व्हाइट यांचे लेखन हे या पंथाचे दुसरे बायबल आहे.

वस्तुस्थिती : एलन व्हाइट (१८२७-१९१५) या पंथाच्या संस्थापकांपैकी एक असून त्यांना भविष्यवादाचे, म्हणजे देवाचा संदेश सांगण्याचे, वरदान होते असे पंथ मानतो. त्याच वेळी सर्व शिकवण व अनुभव यांची कसोटी बायबलच आहे, असे पंथाच्या अधिकृत निवेदनात नमूद आहे आणि व्हाइट यांनीही आपले लेखन मोठ्या प्रकाशाकडे नेणारा लहान प्रकाश असल्याचे म्हटले होते. तत्त्वतः त्यांना बायबलच्या पंक्तीला बसवलेले नाही. व्यवहारात मात्र एखाद्या वादग्रस्त वचनाचा त्यांनी लावलेला अर्थच अंतिम धरला गेला, तर जाहीर केलेले तत्त्व निष्प्रभ होते.

गैरसमज ७ : अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाने जगाच्या अंताची तारीख सांगितली आणि ती चुकली.

वस्तुस्थिती : तारीख जाहीर झाली तेव्हा हा पंथ अस्तित्वात नव्हता. विल्यम मिलर या बॅप्टिस्ट उपदेशकाच्या अनुयायांनी दानीएल ८:१४ मधील २,३०० संध्याकाळ-सकाळ म्हणजे तितकी वर्षे असा अर्थ लावला आणि इ. स. पू. ४५७ पासून मोजणी करून, शून्य वर्ष नसल्यामुळे एकाची भर घालून, १८४४ हे वर्ष काढले. २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्त आला नाही. निराश झालेल्यांपैकी एका लहान गटाने अशी मांडणी केली की गणित बरोबर होते, पण घटना पृथ्वीवरची नसून स्वर्गातील होती : त्या दिवशी ख्रिस्ताने स्वर्गीय पवित्रस्थानातील सेवेचा अंतिम टप्पा, म्हणजे विश्वास ठेवल्याचे सांगणाऱ्यांच्या जीवनाची छाननी, सुरू केला. या छाननीला अन्वेषण-न्याय म्हणता येईल. या गटातून १८६३ मध्ये बॅटल क्रीक येथे पंथाची रीतसर स्थापना झाली आणि पुढे त्याने आगमनाची तारीख ठरवली नाही.

तारीख सांगितल्याचा आरोप गळून पडला, तरी अन्वेषण-न्यायाची शिकवण शास्त्राच्या कसोटीवर सर्वांत दुबळी ठरते. दिवसाला वर्ष मोजण्याचा नियम गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ यांवर आधारलेला आहे. परंतु त्या दोन्ही ठिकाणी तो विशिष्ट प्रसंगापुरता सांगितला आहे, सर्व भविष्यवाण्यांसाठी दिलेला नाही. बहुसंख्य अभ्यासक दानीएलाचा आठवा अध्याय राजा अंतियोख चौथा याने इ. स. पू. १६७ मध्ये केलेल्या मंदिराच्या विटंबनेशी आणि इ. स. पू. १६४ मधील पुनःसमर्पणाशी जोडतात. शिवाय इब्री लोकांस पत्र (९:१२, ९:२४) ख्रिस्त सार्वकालिक मुक्ती मिळवून देवासमोर एकदाच गेला असे घडून गेलेल्या गोष्टीसारखे सांगते, तेथे अठरा शतकांनी सुरू होणाऱ्या टप्प्याची सूचना नाही.

गैरसमज ८ : पंथाच्या शिकवणुकीची परीक्षा फक्त त्याचे विरोधक करतात.

वस्तुस्थिती : १८४४ च्या शिकवणुकीवरील सर्वांत गंभीर आक्षेप पंथातूनच आला. डेस्मंड फोर्ड या ऑस्ट्रेलियन अ‍ॅडव्हेंटिस्ट अभ्यासकाने इब्री लोकांस पत्राच्या आधारे तो मांडला, त्यासाठी सुमारे एक हजार पानांचा प्रबंध सादर केला आणि ऑगस्ट १९८० मध्ये कोलोरॅडोतील ग्लेशियर व्ह्यू येथे शंभराहून अधिक प्रतिनिधींसमोर चर्चा झाल्यावर त्यांचे धर्मसेवकाचे अधिकारपत्र काढून घेतले गेले.

मराठी ख्रिस्ती इतिहासात याहून जुने उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण आपल्याला आधार देणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रव्यवहार करताना त्रैक्यासारखा सिद्धांत केवळ चर्चच्या अधिकारामुळे मान्य करण्यास त्यांनी नकार दिला आणि शास्त्राचे वचन मागितले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रकाशित झाले. ज्या मंडळीचा बाप्तिस्मा घेतला तिचीच शिकवण त्यांनी पारखली आणि त्या पारखीसाठी आवश्यक ते भाषाज्ञान मिळवण्याचे कष्टही उपसले.

या सर्व विवेचनातून परीक्षेचे काही नियम हाती येतात. पंथ स्वतः काय मानतो ते त्याच्या अधिकृत निवेदनातून घ्यावे, विरोधकांच्या सारांशातून घेऊ नये. अनुकूल आणि प्रतिकूल अशी दोन्ही वचने संदर्भासह मांडावीत. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आणि मतभेदास जागा असलेले विषय वेगळे करावेत. या नियमांनी पाहिले असता अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ श्रद्धेच्या गाभ्यात इतर मंडळ्यांसोबत उभा आहे, शब्बाथ व आहार यांबाबत त्याची बाजू आदरास पात्र पण इतरांवर बंधन घालण्यास अपुरी आहे आणि १८४४ च्या बाबतीत त्याने आपल्याच कसोटीला सामोरे जाणे आवश्यक आहे. रविवारची उपासना, बालकांचा बाप्तिस्मा, पोपचा अधिकार किंवा समृद्धीची हमी देणारी आधुनिक प्रवचने यांचीही परीक्षा हीच कसोटी लावून झाली पाहिजे, कारण बिरुयाकरांची प्रशंसा त्यांनी दुसऱ्याच्या चुका शोधल्या म्हणून झालेली नाही, तर स्वतः काय मानावे हे त्यांनी काळजीपूर्वक तपासले म्हणून झाली आहे.