धाव सरलेले श्वान

जिवंत सशामागे कुत्रे सोडून त्याचा अंत पाहण्याची करमणूक ज्यांना असह्य वाटली, त्यांपैकी ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने यंत्रावर पळणारा कृत्रिम ससा तयार केला, १९१९ साली कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे त्याच्यामागे ग्रेहाउंड कुत्र्यांची शर्यत लावली, आणि २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर हाच खेळ इंग्लंडात अवतरला तेव्हा तिकिटे आणि पैजा यांच्या बळावर त्याचा पाहता पाहता मोठा व्यवसाय झाला. ससा वाचला, परंतु जो कुत्रा त्याच्यामागे धावला, त्याच्या उर्वरित आयुष्याची तजवीज या व्यवसायाच्या जमाखर्चात दीर्घकाळ कोठेच नव्हती. दीड वर्षाचा होताच मैदानात उतरणारा हा प्राणी चौथ्या-पाचव्या वर्षी, आणि पायाचे हाड मोडले तर त्याहीपूर्वी, बाद ठरतो. आयुर्मान मात्र त्याला बारा वर्षांच्या आसपास लाभलेले असते. ही मधली सात-आठ वर्षे कोणाच्या दारी काढावयाची, या प्रश्नाला उत्तर म्हणून ब्रिटनमध्ये १९७५ साली निवृत्त ग्रेहाउंडांसाठी विश्वस्त संस्था निघाली, आणि तिच्यासारख्या अनेक संस्थांनी हे कुत्रे सामान्य कुटुंबांत नेऊन पोचविण्याचे काम चालविले. मकावमधील शर्यतीचे मैदान २०१८ च्या जुलैत बंद पडले, तेव्हा तेथे राहिलेल्या पाचशेहून अधिक कुत्र्यांना प्राणिप्रेमी संस्थांनी देशोदेशी घरे शोधून दिली. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या मतदारांनी कौल देऊन आपल्या राज्यातील शर्यती २०२० अखेर बंद करविल्या, आणि तेथील कुत्र्यांसाठीही घरे शोधावी लागली.

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी बसून हे सारे लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आमच्या तालुक्यात तसले मैदान नाही, विजेवर धावणारा ससाही नाही. परंतु ग्रेहाउंडाचा सख्खा भाऊ शोभावा असा, लांब निमुळत्या तोंडाचा, खोल छातीचा, पोट पाठीला टेकलेला, कमानदार शेपटीचा कारवानी कुत्रा मांजरा नदीच्या खोऱ्यात, लातूरकडच्या माळरानावर आणि खाली मुधोळपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. मऊ, झुपकेदार केसांच्या याच घराण्यातील कुत्र्याला आपल्याकडे पश्मी म्हणतात. वासाने माग काढणे हा याचा पेशा नव्हे. उघड्या रानात नजरेने सावज टिपावे आणि निव्वळ वेगाने ते गाठावे, ही त्याची विद्या. मुधोळचे अधिपती श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी या वंशाची निगुतीने जोपासना केली आणि बादशहा पंचम जॉर्ज यांना त्यांतील पिल्ले नजर केली. मेजर सोमणांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय कुत्र्यांवरील ग्रंथाने सुशिक्षितांचे लक्ष देशी वंशांकडे वेधले. २००५ साली टपाल खात्याने याच वंशातील मुधोळ हाउंडाचे तिकीट काढले, आणि अलीकडे लष्करानेही या कुत्र्यांची परीक्षा पाहिली. वंशाचा गौरव झाला, ही आनंदाचीच गोष्ट होय. मला काळजी वाटते ती त्या वंशातील एकेका जिवाची.

निजामाच्या अमदानीत, म्हणजे १९४८ पर्यंत, या मुलखात जहागीरदारांच्या आणि देशमुखांच्या वाड्यांवर असे कुत्रे बाळगणे ही प्रतिष्ठेची बाब होती, आणि रानात हिंडणाऱ्या गोरगरिबांच्या बिऱ्हाडी तर कुत्र्याने आणलेला ससा हे कित्येकदा रात्रीचे कालवण असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि १९९१ च्या दुरुस्तीने तर निःसंदिग्धपणे, ही शिकार गुन्हा ठरविली. तो कायदा योग्यच आहे. सशाला आणि काळविटाला जगण्याचा अधिकार आहेच. मात्र कायद्याने शिकाऱ्याचा हात थांबला, तसा कुत्र्याचा रोजगारही बुडाला, आणि या दुसऱ्या गोष्टीची नोंद कोणत्याही दप्तरी झाली नाही. आज हा कुत्रा कोणी हौसेने पाळतो, कोणी शेताच्या राखणीला ठेवतो, कोणी जत्रेतील श्वानशर्यतीत पळवितो. आणि पाय अधू झाला, वय झाले, की साखळी सोडून त्याला रस्ता मोकळा करून देण्यात येतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या एका जुन्या वाड्यात अशीच एक मादी मी पाहिली. फिकट बदामी रंगाची, मागच्या उजव्या पायाची गाठ सुजलेली, कोपरांवर कठीण भूमीच्या घर्षणाने केस झडून काळे घट्टे पडलेले, आणि डोळे मात्र असे की दूरच्या बांधावर पाखरू हलले तरी तिची मान तेवढ्यापुरती उचलली जाई. मी चौकशी केली तेव्हा वाड्यावरचा सालगडी म्हणाला, "गुरुजी, हिचं पळणं सरलं. आता निस्ती खाती अन् झोपती. कुणी नेतंय का बघा." त्याच्या स्वरात दुष्टावा मुळीच नव्हता, कामाच्या जनावराकडे पाहण्याची जी दृष्टी पूर्वापार चालत आली, तिचेच ते शब्द होते. परंतु नुसते खाणे आणि झोपणे हाच तर या जातीच्या कुत्र्याचा घरातील स्वभावधर्म असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

ज्याच्या वेगाची ख्याती ताशी साठ-सत्तर किलोमीटरची, तो ग्रेहाउंड घरात दिवसाचे सोळा-अठरा तास निजलेला असतो, ही गोष्ट ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. पण अल्पकाळ सर्वस्व ओतून धावावे आणि उरलेला वेळ शक्ती राखावी, अशीच त्याच्या देहाची रचना आहे. सकाळ-संध्याकाळ दोरीने फिरविणे आणि अधूनमधून चारी बाजूंनी कुंपण असलेल्या जागेत मोकळे धावू देणे त्याला पुरते. उघड्या रानात मात्र त्याला सोडू नये. ससा दृष्टीस पडला की कानांचे दरवाजे बंद होतात. मालकाची हाक, रस्त्यावरची मालमोटार, विहिरीचा काठ, यांपैकी काहीही त्याला जाणवत नाही, आणि ससा मारला गेला तर कायद्यापुढे जबाब मालकाला द्यावा लागतो. साधा पट्टाही याच्या गळ्यात टिकत नाही, कारण मान डोक्याहून जाड असल्याने तो मागे सरकून सहज निसटतो. त्यासाठी ओढताच बेताने आवळणारा रुंद पट्टा वापरतात.

अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, केस आखूड. म्हणून पौषाच्या थंडीत त्याला पांघरूण लागते, आमच्याकडच्या वैशाखात दुपारी सावली आणि पाणी लागते, आणि बारमाही मऊ अंथरूण लागते. जुनी गोधडी दुहेरी घातली तरी काम भागते, पण नुसत्या फरशीवर त्याचे हाड टेकते. ज्याचे आयुष्य खुराड्यात वा साखळीला गेले, त्याला जिना, आरसा, गुळगुळीत फरशी, मिक्सरचा आवाज हे सारे नवे असते, आणि पहिल्या पायरीवर तो थरथरत उभा राहिला तर त्याला ओढू नये; एकेक पाय उचलून ठेवून दाखवावा. निजलेल्या कुत्र्याला अंगाला हात लावून उठवू नये, नावाने हाक मारावी, हे घरातील मुलांना पहिल्याच दिवशी बजावावे, कारण ज्याच्याजवळ झोपेत कोणी कधी आले नाही तो दचकून दात लावू शकतो. कोंबड्या आणि मांजरे असलेल्या घराने तर घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

वैद्यकाची बाजू याहूनही नाजूक आहे. आपल्या भागात गोचीडतापाने कुत्रे वारंवार आजारी पडतात, आणि रक्तातील बिंबिका घटल्या की पशुवैद्याला प्रथम त्याच तापाची शंका येते; परंतु निरोगी ग्रेहाउंडाच्या रक्तातही बिंबिका इतर कुत्र्यांपेक्षा कमी आणि तांबड्या पेशी अधिक असतात, तेव्हा अहवाल वाचताना ही गोष्ट ध्यानी न घेतल्यास नसलेल्या रोगावर उपचार होण्याचा संभव असतो. तसेच भूल देण्याची काही जुनी औषधे त्याच्या यकृताला लवकर निचरविता येत नाहीत आणि शुद्धीवर येण्यास धोकादायक विलंब लागतो. आमच्या कारवानी कुत्र्याची देहयष्टी त्याच धाटणीची असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी जातीचा उल्लेख आवर्जून करावा. उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, अवघड प्रसंगी तेथवर जाण्याचा आळस करू नये. रेबीजची लस तर दरवर्षी हवीच. आहाराचे म्हणाल तर ज्वारीची भाकरी आणि दूध यांवर हा वंश वाढला हे खरे, पण म्हाताऱ्या देहाला अंडे वा मांस यांची जोड हवी.

कुत्र्याविषयी अनास्था असावी असा हा मुलूखच नव्हे. माहूरच्या शिखरावर ज्यांचे स्थान, त्या दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान असतात. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात धन्यता मानतात. त्याच खंडोबाची माळेगावची यात्रा लोहा तालुक्यात मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते, आणि तेथे जिल्हा परिषदेतर्फे घोडे, गुरे, कोंबड्या यांच्याबरोबर श्वानांचेही प्रदर्शन होते. तरणी, तुकतुकीत, बक्षीसपात्र जनावरे तेथे मिरवितात. त्याच मंडपाच्या एका बाजूला टेबल मांडून, पळणे सरलेल्या कुत्र्यांची एक वही पशुसंवर्धन खात्याने ठेवावी, अशी माझी विनंती आहे: वय, जुनी दुखापत, लस दिल्याची तारीख, शेळ्या-कोंबड्या सहन होतात की नाही, आणि मालकाची लेखी संमती, एवढा मजकूर त्यात असला म्हणजे पुरे. घेणाऱ्याची नोंदही त्याच वहीत व्हावी, आणि सहा महिन्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात त्या कुत्र्याची एकदा तपासणी व्हावी. याला नवी इमारत नको, नवा हुद्दा नको, आणि खर्च म्हणाल तर वहीच्या किमतीहून फारसा अधिक नाही.