केंद्रकाचे द्वार आणि हरिद्रेचे माहितीपत्रक

औषधनिर्मात्यांकडून वैद्यांकडे येणाऱ्या माहितीपत्रकांत एक विधान वारंवार आढळते : हरिद्रेतील कर्क्युमिन ‘एनएफ-कप्पा-बी’ या प्रथिनास पेशीच्या केंद्रकात शिरू देत नाही, म्हणून शोथ शमतो. प्रथिन केंद्रकात शिरते म्हणजे नेमके काय घडते, हे जाणून घेतल्यावाचून या विधानाची पारख होणे नाही.

केंद्रकात प्रथिने तयार होत नाहीत. ती सर्व बाहेरच्या पेशीद्रवात घडतात. केंद्रकाभोवती दुहेरी पटल असते आणि त्यात ठिकठिकाणी रंध्रे असतात. प्रत्येक रंध्र सुमारे 30 प्रकारच्या प्रथिनांच्या अनेक प्रतींनी, अष्टकोनी मांडणीत रचलेले असते. मधल्या पोकळीत तंतुमय प्रथिनांचे दाट जाळे असते. सुमारे 40,000 डाल्टनपर्यंतचे लहान रेणू त्यातून आपोआप पाझरतात. त्याहून मोठ्यांना वाहक लागतो.

मोठ्या प्रथिनास आत घेण्याची खूण कोठे असते, याचा छडा लावणारे प्रयोग मुळातूनच वाचण्याजोगे आहेत. 1982 मध्ये केंब्रिज येथे लास्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी झेनोपस जातीच्या बेडकाचे न्यूक्लिओप्लाझमिन हे प्रथिन घेतले. त्याचे पाच घटक आणि पाच शेपटे असतात. सर्व शेपटे छाटल्यावर ते अंडपेशीच्या पेशीद्रवातच पडून राहिले. एक जरी शेपूट शिल्लक ठेवले तरी ते केंद्रकात गेले. 1984 मध्ये कॅल्डेरॉन व सहकाऱ्यांनी एसव्ही-40 या विषाणूच्या एका प्रथिनात ही खूण अवघ्या सात अमिनो आम्लांपर्यंत आणून ठेवली : प्रोलीन, लायसीन, लायसीन, लायसीन, आर्जिनीन, लायसीन, व्हॅलीन. त्यांतील दुसरे लायसीन बदलताच प्रथिन बाहेरच अडले. उलट, ज्याचा केंद्रकाशी संबंध नाही अशा पायरुव्हेट कायनेजला हा तुकडा जोडताच ते केंद्रकात शिरले.

ही खूण इम्पोर्टिन-अल्फा ओळखते. त्यास इम्पोर्टिन-बीटा जोडले जाते आणि हे त्रिकूट जाळ्यातून आत सरकते. आत रॅन नावाचे लहान प्रथिन जीटीपीसह असते. ते इम्पोर्टिन-बीटास धरताच त्रिकूट विस्कटते आणि आणलेले प्रथिन मोकळे होते. बाहेर आल्यावर रॅनवरील जीटीपीचे विघटन होऊन वाहक पुन्हा रिकामा होतो. रॅनची ही आतली आणि बाहेरची भिन्न अवस्थाच वाहतुकीला दिशा देते. प्रवेशानंतर खूण कापली जात नाही, हेही ध्यानात घ्यावे. पेशीविभाजनात केंद्रकपटल विरघळते, प्रथिने विखुरतात आणि नव्या केंद्रकात त्यांना पुन्हा शिरावे लागते.

येथे आपल्यापैकी काहींना स्रोतसांची आठवण होईल. ती स्वाभाविक आहे. पण केंद्रकरंध्र म्हणजेच स्रोतस् असे समीकरण मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील स्रोतोविचार निदान आणि चिकित्सा यांसाठी आहे. त्यास सूक्ष्मदर्शकाच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही.

आता मूळ विधानाकडे वळू. 1986 मध्ये रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी वर्णिलेले एनएफ-कप्पा-बी एरवी पेशीद्रवात स्वस्थ असते, कारण आय-कप्पा-बी हे दुसरे प्रथिन त्याची खूण झाकून ठेवते. शोथकारक संकेत येताच हे आवरण नष्ट होते, खूण उघडी पडते आणि नेहमीच्याच मार्गाने प्रवेश होतो. 1995 मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर जे दिसले ते एवढेच की कर्क्युमिनमुळे हे आवरण टिकून राहते. म्हणजे कर्क्युमिन द्वार अडवीत नाही, खूण झाकलेली राहू देते. द्वारच अडले असते तर केंद्रकाला लागणारी इतर असंख्य प्रथिनेही बाहेर राहिली असती आणि पेशी जगली नसती.

दुसरी अडचण मात्रेची. अशा प्रयोगांत पेशींना सामान्यतः दहा मायक्रोमोलर वा त्याहून अधिक तीव्रतेचे कर्क्युमिन दिले जाते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील अभ्यासात रुग्णांना दिवसाला 8 ग्रॅम कर्क्युमिन मुखावाटे दिले, तेव्हा रक्तातील सर्वाधिक सरासरी तीव्रता 1.77 मायक्रोमोलर भरली. हळदीत कर्क्युमिन ढोबळमानाने तीन टक्के धरले तर तीन ग्रॅम चूर्णात ते 90 मिलिग्रॅमच्या आसपास येते. शिवाय कर्क्युमिन उदासीन द्रावणात लवकर विघटित होते आणि अनेक चाचण्यांत स्वतःच ढवळाढवळ करून खोटे निष्कर्ष दाखविते, असे 2017 मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी विस्ताराने दाखविले आहे.

म्हणून हरिद्रा निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. इंग्लंडमधील लेस्टर येथील 2005 च्या अभ्यासात दिवसाला 3.6 ग्रॅम कर्क्युमिन सात दिवस घेतलेल्या रुग्णांच्या बृहदंत्राच्या ऊतीत ते मोजण्याइतके सापडले, रक्तात मात्र नाममात्र होते. मुखावाटे दिलेल्या द्रव्याचा विचार अन्नमार्गाच्या संदर्भात, आणि लेपाचा त्वचेच्या संदर्भात, वेगळा करावा लागतो. आणि हरिद्रा म्हणजे केवळ कर्क्युमिन नव्हे, हे तर आपल्या द्रव्यगुणाचे पहिलेच पान आहे. औषधशाळा चालविणाऱ्यांनी नवे माहितीपत्रक छापताना केंद्रकाचे वाक्य गाळून त्या जागी द्रव्य, मात्रा, अनुपान आणि अवस्था छापावी; ते वाक्य ठेवायचेच असेल तर प्रयोग पेशींवरील होता, ही नोंद त्याच ओळीत असावी.